वावटळवीराचा शेवटचा अंक

५ मार्च

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

साप्ताहिकात चित्रकथा लिहायचं काम मिळालं, पण मी एक घोळ करून ठेवलाय. मुलाखतीत संपादकबाईंना ठोकून दिलं की वावटळवीराचे सगळे अंक वाचलेत. तुमच्याकडे दोन-चार चाळले असतील, तेवढेच! आता मालिका बंद होतेय आणि शेवटचा अंक माझ्या गळ्यात पडलाय. वरून हुकूम आहे, वीर मेलाच पाहिजे. अंक जमला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. तुमची अंकांची पेटी पाठवाल?

तुमच्या रागालोभाची सवय असलेली,
पिटुकली

११ मार्च

चि. पिटुकलीस अ. उ. आ.

पेटी काकूकडून रवाना केली आहे. चौसष्ट अंक. जन्मभर मुद्रितं तपासली, त्यामुळे एकही ओळ न वाचता सोडलेली नाही. तपकिरी कव्हरं मी घातलीत, ती काढायची नाहीत. त्यांवर माझे शेरे आहेत.

थाप मारलीस ती मारलीस, पण हा हुकूम निमूट झेलू नकोस! बुडणाऱ्याला हात देताना ज्याने कधी नाव विचारलं नाही, त्याला मारून खप वाढवायचा? अशांना भर सभेत उभं करून जाब विचारला पाहिजे.

माया आटणार नाही. पण वीराला मारलंस तर पत्र पाठवू नकोस.

काका

२९ मार्च

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

वरून एकेक अंक काढत वाचत गेले. तुम्ही नवा अंक नेहमी वर ठेवता हे ध्यानातच आलं नाही, आणि अंकांचे आकडे तुमच्या कव्हरांखाली! त्याचा मोडलेला खांदा आपोआप बरा झाला, गेलेली आई परत आली, कट्टर वैरी शेजारी होऊन पत्ते खेळू लागला. मला वाटलं, लेखक फारच पोचलेला दिसतोय. तुमचे शेरे तरी काय, ‘रडका’, ‘बरा’, ‘छपाई भिकार’!

शेवटी हाती आला पहिला अंक. त्यात त्याला वावटळीची शक्ती अजून मिळालेलीच नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. अडकलेल्या माणसांचे आवाज ऐकतो आणि दोर धरून खाली उतरतो. बस्स. म्हणून माझ्या अंकात तो मरत नाही. शक्ती जाते, पुन्हा आवाज येतात आणि तो निघतो. या वेळी जिन्याने, कठडा धरून, दर मजल्यावर दम खात.

बाईंना थापेसकट सगळं सांगितलं. म्हणाल्या, थापा मारणारे पुष्कळ भेटले, चौसष्ट अंक उलटे वाचणारी तूच पहिली. अंक तसाच छापायला गेलाय. माझं काय करायचं, ते मालक ठरवतील.

पत्र पाठवायची परवानगी शाबूत आहे असं धरून चालणारी,
पिटुकली

२० एप्रिल

चि. पिटुकलीस अ. उ. आ.

अंक मिळाला. नोकरी पक्की झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. आधी मला कळवायला काय झालं होतं?

मी भांडायच्या तयारीनेच वाचायला बसलो. शक्ती गेलेला वीर म्हणजे हरलेला वीर, असं खरमरीत पत्र डोक्यात तयार होतं. मग ते जिन्याचं पान आलं.

तुला सांगितलं नव्हतं. गुडघ्यांमुळे दोन महिने मी खाली उतरलेलो नाही. हजारोंच्या सभेत छाती काढून उभा राहणारा माणूस मी. कठडा धरताना कुणी पाहिलं तर, एवढीच धास्ती.

आज सकाळी उतरलो. दोनदा थांबलो. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी पाहिलं, मशीन थांबवून म्हणाल्या, बऱ्याच दिवसांनी! मी म्हटलं, हो, जरा वेळ लागला.

लोभ आहेच. हे पत्र टाकायला मीच निघालोय.

काका