डावा तळहात

पिंगळी, दिवाळीनंतर, १९४८

चन्नप्पा अण्णांना धाकट्या महानंदाचा शरणार्थ.

तुमी लिवलंत, परभणीला सत्कार हाय, मालकांना धाडून दे. रझाकारांशी लढायला त्यांना सरहद्दीवरच्या कॅम्पात तुमीच नेलतं. ते धडधाकट परत आले, म्हणून मी नवस फेडला.

पण अण्णा, त्यांची पूजा बंद हाय. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं की हात थरथरतो. म्हणत्यात, "ह्याच हातानं बंदूक धरलती." गाव म्हणतंय, बाहेरचं लागलंय. मी रोज सकाळी त्यांच्या हाताखाली माझे दोन्ही हात धरून बसते. काल पहिल्यांदा लिंग घटकाभर ठरलं. मग लय रडले. अशा माणसाच्या गळ्यात हार कशाला घालता?

परवा वैनी आल्त्या. चुलीपाशी हळूच बोलल्या, तुमी पूजेला दार लावून बसता, पण कॅम्पातनं आल्यापासनं विभूतीचा गोळा तेवढाच हाय, जरा बी झिजला न्हाई. कुणाला सांगू नको म्हणाल्या.

म्हणून हे पत्र न धाडता माझ्या पेटीत ठेवते. धाडायच्या पत्रात एवढंच लिवते: मालक येणार न्हाईत, तुमीच या. सकाळी, आंघोळ करून, काही न खाता या.

तुमची,
महानंदा