अकरा किलोची गरोदर बाई

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद, मागितले नसलेस तरी. (एकसष्टाव्या वर्षी 'चिरंजीव' म्हणवून घेताना तुला संकोच वाटत असेल, पण मी पाच वर्षांनी मोठी आहे आणि हा हक्क सोडणार नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? यजमानांची सिगारेट सुटली का, की अजून फक्त जेवणानंतरच ओढतात आणि दिवसातून नऊ वेळा जेवतात? तीस वर्षं लोकांची बाळंतपणं करून आता नुसतं कुंड्यांना पाणी घालत बसणं तुला जमतं तरी कसं? माझी तब्येत ठणठणीत आहे. मला काय धाड भरलीय.

पत्राचं कारण असं, की सरकारी कागदोपत्री तू सध्या गरोदर आहेस. घाबरू नकोस, आणि यजमानांना एकदम सांगू नकोस. क्रमाने सांगते.

आमचं प्रसूतिकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल आणि बाहेर एक बाक. माणसं चार: आया, स्टोअरकीपर, नर्स आणि मी. सहा वर्षांपूर्वी मी इथली मुख्य नर्स म्हणून निवृत्त झाले, पण माझ्या जागी कोणी येईना म्हणून 'तात्पुरती' राहिले आहे. बाळंतपणं नर्स करते, मी कागद आणि आरडाओरडा सांभाळते. आता नर्सलाच नववा लागला आहे. टेबलाशी आधी तिचं पोट पोचतं, मग हात. तीन आठवड्यांनी तीच टेबलावर असणार, आणि तेव्हा टेबलाच्या अलीकडे कोण उभं राहणार हे कोणालाच माहीत नाही. मोठं इस्पितळ चार तासांवर आहे. शिवाय तिच्या मागोमाग महिन्याभरात आणखी अकरा जणी. म्हणून बदली नर्स द्या, असे मी वरच्या कार्यालयाला नऊ अर्ज केले.

उत्तरादाखल एक खोकं आलं. वर चिठ्ठी: 'उपलब्ध मनुष्यबळाचे सक्षमीकरण'. आत रबरी बाई. डोकं नाही, पाय मांडीपर्यंत, पोटाला झाकण आणि आत नाळेसकट रबरी बाळ. तिच्यावर सराव करून आम्ही सक्षम व्हायचं होतं. (नर्स म्हणाली, मी आणखी सक्षम झाले तर दारातून आत येणार नाही.)

सरावाला हातमोजे लागतात, आणि आमचा स्टोअरकीपर पेशंटच्या नोंदणी क्रमांकाशिवाय बोटभर रबर हातावर ठेवत नाही. मी नियमाचा हेतू समजावला, मग आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "बाई, नंबर आणा." तेव्हा मी त्या बाहुलीचीच नोंदणी करायला बसले. संगणकाने नाव विचारलं. मागे रांग ताटकळलेली, मला पहिलं तुझंच नाव सुचलं. मग त्याने वय विचारलं आणि हाताच्या सवयीने मी तुझं खरं वय टाकलं. वजन अकरा किलो. तेही खरं, आम्ही काट्यावर ठेवून पाहिलं. नाडी: लागत नाही. तू जाणतेस, खोटी नोंद मी जन्मात केलेली नाही.

चौथ्या दिवशी दारात गाडी उभी. एकसष्ट वर्षांची, अकरा किलोची, नाडी न लागणारी गर्भवती म्हटल्यावर वर म्हणे लाल खूण झाली, आणि जी स्त्रीरोगतज्ज्ञ मी सहा वर्षं मागत होते ती एका साहेबासकट हजर. डॉक्टरीणबाई आपल्या भाचीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पेशंट कुठे आहे, म्हणाल्या. मी कपाट उघडलं. साहेब माझ्या निवृत्तिवेतनाविषयी बोलू लागले. डॉक्टरीणबाईंनी पोटाचं झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं आणि म्हणाल्या, "बाळ व्यवस्थित आहे. बाहेर बाकावर कोण बसलंय?"

बाकावर सात जणी होत्या. दुपारपर्यंत सातही तपासून झाल्या. पाचवीचे पाय सुजले होते आणि चार दिवस डोकं ठणकत होतं. आम्ही त्याला दगदग म्हणत होतो. (आम्ही म्हणजे मी.) बीपी पाहताच डॉक्टरीणबाईंनी तिला साहेबांच्याच गाडीत घातलं, स्वतः शेजारी बसल्या आणि मोठ्या इस्पितळात नेलं. साहेबांना जागा उरली नाही. ते दोन तास बसथांब्यावर बसले होते. मी चहा पाठवला, बिनसाखरेचा. ती बाई आणि तिची मुलगी सुखरूप असल्याचा निरोप काल आला.

तेव्हा तुझ्यामुळे दोन जीव वाचले, असं समज. नर्सचा प्रश्न मात्र होता तिथेच आहे.

यजमानांना नमस्कार आणि सिगारेटबद्दल निषेध.

तुझी,
ताई

ता. क. साहेब बसमध्ये चढता चढता म्हणाले, नवी नर्स मिळणार नाही, पण एखाद्या निवृत्त नर्सने आपणहून अर्ज केला तर तीन महिन्यांसाठी नेमता येईल. मला कोणाचं नाव सुचलं हे वेगळं सांगायला नको. माझ्या खोलीत दुसरी खाट टाकली आहे. गुडघ्यांचं म्हणशील, तर बाळंतपण गुडघ्यांनी करत नाहीत.

आणखी एक. तू विचारशील, ताई, तूच का करत नाहीस? नर्सला मी तेच सांगितलं होतं, मी आहे ना. ती बरं म्हणाली, पण बघत होती माझ्या हातांकडे. गेल्या वर्षापासून थरथरतात. दार लावून मी एकटीने त्या बाहुलीवर सराव केला. पाचपैकी तीनदा बाळ निसटलं. रबरी होतं म्हणून उसळलं. हे कोणापाशी बोलू नकोस.

शेवटचं. तुझा अर्ज मी कालच पाठवला. सहीही मीच केली. वेडीवाकडी आली आहे; कोणी विचारलं तर तुझं वय पुढे कर.