पाच फूट दोन इंच

४ नोव्हेंबर १९७३, रविवार
कॉलेज सोडून आज महिना झाला. सरांनी भर वर्गात गावाच्या नावावरून मला ‘कुंभिवलीचे इंजिनियर’ म्हटलं, मी डस्टर फेकलं. लागलंसुद्धा नाही. तरी माफी मागायला लावत होते. बाबा अजून बोलत नाहीत. बरंच आहे, वेळ वाचतो.

आज धाकलू मिस्त्रीच्या गॅरेजसमोर एक फोक्सवॅगन थांबली. आत जर्मन नवरा-बायको, पलंग, स्टोव्ह, खिडकीला पडदे. चक्क घर, खाली चाकं! बोरघाट चढण्याआधी आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या रेडिएटरला पाणी घालतात, म्हणून मी डबा घेऊन धावलो आणि पुढे बॉनेट शोधू लागलो. बॉनेटच नाही. जर्मनाने हाताला धरून मला मागे नेलं. इंजिन मागे! रेडिएटर नाहीच, हवेवर थंड होतं. धाकलू हसून हसून टायरवर बसला. मला हे माहीत होतं, मी फक्त खात्री करत होतो, असं त्याला नंतर सांगितलं.

शकूही हसली. समोरच्या चांगोनानांची मुलगी. शिवणक्लासहून येत होती. एवढी माणसं होती, पण हसली माझ्याकडेच बघून. आणखी काय पुरावा पाहिजे?

ठरलं. असंच घर बांधायचं. ते तयार झालं की त्यात उभं राहून शकूला विचारायचं. आधी काश्मीर, मग जमलं तर जर्मनी.

१८ नोव्हेंबर
गाडी मिळाली! खोपोलीच्या एका कारखान्याची जुनी अँब्युलन्स. मामा तिथे वॉचमन, त्याच्या शब्दावर भंगारातून सुटली. बेडफर्ड. इंग्लंडची. फोक्सवॅगन नाही, पण इंपोर्टेड ती इंपोर्टेड.

इंजिन बंद असल्यामुळे बाबांचे बैल जुंपून आणावी लागली. वाटेत बायका पदर सावरून बाजूला झाल्या. सोनाबाईने विचारलं, “कोन गेलं रं?” मी म्हटलं, “कुणी गेलं नाही, आजी. मी जाणार आहे, काश्मीरला.” ती म्हणाली, “आरं, असं तोंडानं बोलू नये.”

२ डिसेंबर
बाहेरून क्रीम रंग दिला. सुंदर. परदेशी.

५ डिसेंबर
क्रीम रंगातून अँब्युलन्सची लाल फुली वर आली. दुसरा हात मारला.

९ डिसेंबर
पुन्हा आली. धाकलू म्हणतो, “ती आतपत्तुर मुरलेली हाय, गजा. तू वरनं कितीबी माख.” मी चिडून ब्रश फेकला. तो त्याच्या चहात पडला. दोन दिवस गॅरेजबंदी.

१२ जानेवारी १९७४
संकल्प: १) राग सोडणे. २) जर्मन शिकणे. ३) शकूशी गाडी सोडून इतर विषयांवरही बोलणे.

संध्याकाळी एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, मर्सिडीजपुढे बेडफर्ड म्हणजे हेला, नुसता रेडा. मी त्याला इंग्लंडचा सगळा इतिहास सुनावला. शर्टाची दोन बटणं गेली. पहिला संकल्प फेब्रुवारीपासून.

२७ जानेवारी
आज शकू गॅरेजच्या दारात आली. पडद्यांचं कापड दाखवायला. क्लासमध्ये शिवायला काहीतरी हवंच होतं, म्हणाली. हे सांगायचं निमित्त! निळी फुलं आहेत. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. फॅनबेल्ट टांगायचा खिळा बरोबर तिच्या डोक्याला लागत होता. ती गेल्यावर मी खिळ्यापासून जमिनीपर्यंत टेप लावली. पाच फूट दोन इंच.

पलंगाचं माप तेवढंच घ्यायचं. मी खाली सतरंजीवर झोपेन. धाकलूने विचारलं, “एवढा आखूड का रं?” म्हटलं, फॉरेनमध्ये असाच करतात.

१० फेब्रुवारी
पलंग झाला. सागाचा. चहूकडून ठोकून पक्का. भूकंप झाला तरी हलणार नाही.

चांगोनाना येऊन बघून गेले. आत वाकून म्हणाले, “आत मानूस उभं ऱ्हातं का?” मी म्हटलं, संसारसुद्धा राहतो. त्यांनी नुसती मान हलवली. सासरे म्हणून मला ते आवडतील.

त्यांच्या ओट्यापाशी हल्ली एक सायकल दिसते. वाल्मिकची. खोपोलीला कारखान्यात फिटर आहे म्हणे. त्याने मला विचारलं, “भाऊ, गाडी चालती का?” मी म्हटलं, इंपोर्टेड गाड्यांची किंमत चालण्यावरून करत नाहीत. सायकलवाल्याशी काय बोलणार!

१४ मार्च, गुरुवार
कार्ब्युरेटर उघडला. एक स्प्रिंग जादा उरली.

मी गाडीखाली असताना शकू आली. मला फक्त तिची पावलं दिसत होती. म्हणाली, “गजा, रविवारी मला बघायला पाव्हणे येनार हायेत.” मी म्हटलं, रविवारी क्लच आहे. ती म्हणाली, “तुला काय बोलायचंच नाय का?” हात ग्रीसने भरलेले, डोळ्यांत माती, त्यात त्या स्प्रिंगची जागा सापडेना. मी ओरडलो, एकदा गाडी चालू होऊ दे, मग बोलू! पावलं थोडा वेळ तिथंच होती. मग गेली.

उगाच ओरडलो. पण अर्धवट घरात उभं राहून मुलीला विचारायचं म्हणजे तिचा अपमान. गाडी चालू झाली की तिलाही हे पटेल.

१७ मार्च
क्लच बसला नाही. पाहुणे आले. वाल्मिक आणि त्याचे आईबाप. म्हणजे सायकल त्यासाठी होती! पण पाहुणे येतात आणि जातात. कांदेपोह्यांनी लग्न ठरत नसतं.

२४ मार्च
ठरलं.

२५ मार्च
वैशाखातलं आहे. म्हणजे दीड महिना हातात आहे. गाडी तोवर नक्की चालू होईल. मग मी सरळ त्यांच्या दारात उभी करीन, आणि काय ते शकूच ठरवील.

२१ एप्रिल
डायनॅमो.

५ मे
बॅटरी. धाकलू म्हणाला, “पोरी, तू पायी पायी जाऊन बोल की तिच्याशी.” मला ‘पोरी’ म्हणाला! पाना उगारला. मग ठेवला. उन्हाळ्यात ग्रीस फार पातळ होतं, पाना हातात टिकत नाही.

१२ मे, रविवार
गाडी चालू झाली.

दुपारी साडेबारा. धाकलू लग्नाला गेला होता. मी मुद्दाम गेलो नाही, टायमिंग लावायचं होतं. एका हँडलमध्ये धडधडली. मी हॉर्न दाबून धरला. पण समोर मंडपात त्याच क्षणी अक्षता पडल्या आणि बँड सुरू झाला. कुणाला काही ऐकू गेलं नाही.

निळे पडदे लावले. मापाला बरोबर बसले.

२० जून
काश्मीरचा बेत पुढे ढकलला आहे. पावसात दरडी कोसळतात. सध्या गाडीत बाबांनी भाताच्या बियाण्याची पोती ठेवली आहेत. पलंगावर नाही. पलंगावर मी काही ठेवू देत नाही.

९ जुलै, मंगळवार
सकाळी दहाला शकूची आई धावत आली. चांगोनाना लावणी करताना चिखलातच कोसळले. छातीत कळ. हायवेवर एकही ट्रक थांबेना. धाकलू म्हणाला, “गजा, काढ तुझी.”

शकू आखाडाची माहेरी आली होती. तीच आत बसली. नानांना पलंगावर ठेवलं आणि कळलं की ते मावत नाहीत. उंच माणूस. उशाला ठोकलेली फळी, म्हणून पाय मागच्या दारातून बाहेर. दार बंद होईना. पाय दुमडले तर कळवळायचे. पलंग काढावा म्हटलं तर मीच तो भूकंपाला पुरेल असा ठोकलेला. शेवटी शकूने एका हाताने दार धरलं, दुसऱ्या हाताने त्यांचे चिखलाचे पाय मांडीवर आवळून धरले. रस्ताभर तशीच. भिजत.

खोपोलीच्या अलीकडे इंजिनाने वाफ सोडली. गाडीत पाण्याचा डबा नव्हता. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांवर मी गावभर भाषणं दिली होती. शकूने वडिलांचे पाय माझ्या हातात दिले, निळा पडदा उपसून काढला, शेतातल्या पाण्यात बुडवून आणला आणि रेडिएटरमध्ये पिळला. चार वेळा. मग गाडी निघाली. वाटेत लोक लाल फुली बघून बाजूला होत होते. पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. नाना वाचले.

दवाखान्याच्या ओट्यावर शकूने विचारलं, “पलंग असा आखूड का केलास रं? कुनाच्या मापाचा?”

मी म्हटलं, लाकूड कमी पडलं.

ती पदर पिळत होती. पिळून झाला तरी पिळत राहिली. मग वाल्मिक आला, सायकल दामटत, नखशिखान्त भिजलेला. त्याने आधी नानांचं विचारलं, मग माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, “भाऊ, गाडी चालली.”

१० जुलै
धाकलूला पलंग तोडायला सांगितलं. साडेसहा फुटांचा कर, म्हटलं, कुणीही मावेल असा. पान्याने पहिली फळी उचकटताना त्याने एकदा गॅरेजच्या चौकटीतल्या खिळ्याकडे बघून घेतलं. म्हणजे त्याला माहीत होतं.

फुलीवर नवा लाल रंग दिला. एकाच हातात बसला.