दिनकर आजोबांचे कागद आणि एक जाहीर माफी

मी, वासुदेव त्र्यंबक लवाटे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त यांत्रिकी अभियंता, राहणार रेगेन्सबर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नाही असे म्हणणारे दोघे तरी मला माहीत आहेत. जर्मन कायद्यात हस्तलिखित मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही आहे. एखादे पान कमी भरले तर ते वाऱ्याने उडाले, असे कोणी समजू नये.

१. राहता फ्लॅट पत्नी सौ. यमुना हिला. तिच्या हयातीत चिरंजीव सुमितने तो विकण्याचा विषयही काढू नये. गेल्या दिवाळीत तो बैठकीची खोली टेपने मोजत होता. "पडद्यांसाठी, बाबा," म्हणाला. पडदे अजून आलेले नाहीत.

२. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. यावर भाषण नाही.

३. पुस्तके, सुमारे अठराशे, म्युनिकच्या आपल्या मंडळाला. तोवर ती केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, टाकू नयेत. तिथे ओल आहे, आणि किल्ली सुमितकडे आहे. समासातल्या माझ्या टिपा कोणीही खोडू नयेत, मग त्या कितीही झोंबोत.

४. माझा माइकही मंडळाला. मंडळाचा माइक माझ्या भाषणाच्या एकोणिसाव्या मिनिटाला बंद पडला होता. "तांत्रिक बिघाड" असे सांगण्यात आले. मी अभियंता आहे. तेव्हापासून स्वतःचा बाळगतो.

५. आता मूळ मुद्दा. माझ्या आजोबांना दोन धाकटे भाऊ होते, दिनकर आणि विनायक. दिनकर १९१९ साली शेतकी शिकायला अमेरिकेला गेले, नेब्रास्कातल्या एका खेड्यात ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिले आणि तिथेच वारले. गुहागरच्या पोफळीच्या बागेतला त्यांचा हिस्सा विनायकांच्या घराकडे गेला. दिनकरांनी तो आम्हाला लिहून दिला होता आणि विनायकांनी तो कागद दाबला, असे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो. मी विश्वास ठेवला. माझ्यासारखा माणूस विश्वास ठेवतो तेव्हा आवाज चढवूनच ठेवतो.

दिनकर राहिले ती काउंटी म्हणजे तिकडचा तालुका म्हणा. जमिनी, लग्ने, मृत्युपत्रे यांच्या नोंदवह्या तिथल्या कोर्टात असतात आणि आडनावांच्या सूचीवरून शोधाव्या लागतात. मी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. उत्तर एकच: लवाटे नावाची नोंद नाही. २०१३ साली विनायकांचा नातू हृषिकेश, जो म्युनिकला असतो, कंपनीच्या कामाने अमेरिकेला गेला आणि वाट वाकडी करून त्या कोर्टात जाऊन आला.

"वासूदादा, दोन दिवस सूच्या चाळल्या. काही नाही."

"नाही, की नाहीसं झालं?"

तो हसला. मला ते हसणे खटकले. त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात, भरल्या सभागृहात, मी म्हणालो की पुरावा गिळून ढेकरही न देणारी माणसे इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहेत. तिसऱ्या रांगेत हृषिकेश आणि त्याची म्हातारी आई होती. आईचा हात धरून तो उठला आणि गेला. ते उठून जाणेही मी बारा वर्षे पुरावा म्हणून वापरले.

गेल्या डिसेंबरात मी दिनकर आजोबांनी अमेरिकेला जाण्यासाठी केलेल्या १९१९च्या अर्जाची नक्कल पुन्हा भिंगाखाली धरली होती. यमुनेने पुण्यात एकवीस वर्षे शाळेच्या कचेरीत दाखले लिहिले आहेत. तिने माझ्या खांद्यावरून पाहिले.

"अहो, यांनी लवाटे दिनकर विठ्ठल असं लिहिलंय. आडनाव आधी, आपल्या शाळेच्या रजिस्टरसारखं."

"मग?"

"मग तिकडचा कारकून शेवटचा शब्दच आडनाव धरणार ना! विठ्ठलखाली बघायला सांगा त्यांना."

"हे तुला हृषिकेशनं सांगितलं का?"

"एकवीस वर्षांच्या दाखल्यांनी सांगितलं. लिहा पत्र."

नवव्या दिवशी उत्तर आले. विठ्ठल या आडनावाखाली १९३७ सालची अख्खी फाइल निघाली, आत दिनकर आजोबांचे मृत्युपत्र. बागेचा हिस्सा विनायकला, "कारण आईच्या आजारपणात तो तिच्या उशाशी होता. थोरल्याने माझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही." थोरला म्हणजे माझे आजोबा. मी शिक्का तपासला, सही ताडून पाहिली. कागद खरा आहे. खोटे निघाले ते आमच्या घरातले.

६. म्हणून त्या कागदांची पत्र्याची पेटी हृषिकेशला. आणि माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या गणेशोत्सवात, त्याच सभागृहात, माझ्याच माइकवरून सुमितने पुढील मजकूर वाचावा: "मी, वासुदेव लवाटे याने, २०१३ साली इथे निराधार आरोप केला. हृषिकेशने काहीही लपवले नव्हते. त्याच्या आईची माफी मागायची राहून गेली. त्या २०१९ साली गेल्या." एक शब्दही गाळू नये. सुमितला थोडक्यात आटपायची सवय आहे.

७. अट: दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवत आहे. यमुना ही मूळ प्रत हृषिकेशकडे घेऊन जाईल, कारण पोस्टावर माझा भरवसा नाही. त्याने वाचून सही केली तरच कलम सहा अमलात येईल. बारा वर्षे त्याने माझा फोन उचललेला नाही. मी केला नव्हता, हेही नोंदवतो. सही आली नाही तर पेटी सुमितकडे, म्हणजे रद्दीत, आणि दोष सर्वस्वी माझा.

रेगेन्सबर्ग, ९ जून २०२५
(सही) वासुदेव त्र्यंबक लवाटे

साक्षीदार १: (सही) कौमुदी आगाशे, शेजारी

साक्षीदार २: (सही) हृषिकेश लवाटे, म्युनिक, २८ जून २०२५

वासूदादा, सही केली. पेटी घेतो. पण कलम सहा मेल्यावर कशाला? सत्तावीस ऑगस्टला गणपती बसतायत. माइक तुझा आहे, आवाजही शाबूत आहे. स्वतः उभा राहून वाच. मी तिसऱ्या रांगेत बसतो.