धाकट्या पातीचा ठोकळ्यांचा गणपती

देवास,
भाद्रपद शुद्ध सप्तमी

थोरल्या पातीच्या सौ. राजनंदिनी जाऊबाईंना धाकट्या पातीच्या विद्युल्लतेचा पदर सावरून, वाकून नमस्कार. (देवासात पूर्वी एका गावात दोन गाद्या होत्या, त्यावरून मामंजींनी धारच्या घराला थोरली पाती आणि आमच्या या घराला धाकटी पाती म्हणायला सुरुवात केली. मामंजी गेले, गाद्या तर त्याच्याही आधी गेल्या, पण तुमचं थोरलेपण काही गेलं नाही. देवाने ते तसंच राखावं.) मोठ्या भावोजींचा गुडघा कसा आहे? तेल कोमट करून लावत जा. तुम्ही गारच चोळता असं तुमचा कुशल सांगत होता. तुमची कंबर, तुमची तुळस आणि दूधवाल्याशी चाललेलं तुमचं भांडण, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते.

आम्ही इकडे मजेत आहोत. कसे मजेत आहोत ते सांगायला जरा जागा लागेल, म्हणून फोन सोडून पत्र लिहिते. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि तुम्ही बोलायला लागलात की माझं वाक्यही संपतं आणि धीरही संपतो. पत्राचं तसं नाही. तर आता मुद्द्याचं सांगते, पण आधी खाली बसा. बसलात? तुम्ही पाठवलेल्या शाडूच्या मूर्तीची यंदा पूजा झाली नाही. थांबा, थांबा, मूर्ती अगदी सुखरूप आहे, तिच्या नखालाही धक्का नाही. गणपतीही यथासांग बसला, दीड दिवस राहिला, मोदक खाऊन गेला. फक्त तो गणपती तुमचा नव्हता. तो तुमच्या धाकट्या दिरांनी प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा बनवलेला होता.

हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर हे घरात कसे वागत होते ते तुम्हाला माहीतच आहे. सकाळी पेपर, मग मी भाजी कशी चिरते त्यावर देखरेख, मग झोप, मग चहात साखर कमी का यावर चौकशी समिती. मी तर म्हणत होते, यांना पुन्हा एखाद्या धरणावर नेमा आणि मला सोडवा. अशात मेधाच्या मुलाला वाढदिवसाला द्यायला म्हणून यांनी इंदूरहून ठोकळ्यांची एक मोठी पेटी आणली. आणली ती आणली, सगळे तुकडे आहेत ना हे तपासायला म्हणून उघडली. जाऊबाई, ती पेटी पुण्याला गेलीच नाही. नातवाला स्वेटर गेला. (वाढदिवस मे महिन्यात होता. मेधा अजून विचारते आहे.)

तेव्हापासून घरात जे सुख नांदायला लागलं ते काय सांगू! हे दिवसभर मागच्या खोलीत. टक्, टक्, टक्, ठोकळ्यावर ठोकळा. भाजीकडे ढुंकून पाहत नाहीत, चहा बिनसाखरेचा दिला तरी पितात. रात्री अनवाणी पायाखाली एखादा ठोकळा आला की मी अशी किंचाळते की शेजारी दिवे लावतात, पण तेवढं चालायचंच. मग यांच्यासारखीच माणसं यांना कुठून कुठून सापडत गेली आणि दर रविवारी आमच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांचं ठोकळा मंडळ भरायला लागलं. धामनोदला हायवेवर ढाबा असलेले फत्तेसिंग येतात. त्यांची बोटं एवढाली जाड, आणि बनवतात काय, तर तळहातावर मावेल असे ट्रक, आत क्लीनरसुद्धा. आपल्याच गल्लीतली दातांची डॉक्टर अंकिता येते. एकमेकांत घट्ट बसलेले ठोकळे ती दात उपटावा तशी सोडवते, आणि दर वेळी ठोकळ्याला म्हणते, "बस, बस, हो गया." आणि हे सगळे मोठमोठे लोक जमिनीवर मांडी घालून "पिवळा लांबट कुणाकडे आहे का" म्हणून हात पसरतात. मी पोहे करते आणि बघत बसते. इतकं हसणं या घरात मेधाच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

आणि मग आषाढात तुमचा फोन आला. तुम्हाला आठवत नसेल. भावोजींच्या गुडघ्याबद्दल बोलता बोलता तुम्ही यांना म्हणालात, "अजेय, साठी उलटली आणि खेळणी मांडून बसतोस म्हणे? आता रांगायलाही लागणार का?" तुम्ही चेष्टेत म्हणालात, मला ठाऊक आहे, तुमचं प्रेम असंच कानाला धरून येतं. हेही हसले. पण फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन ठोकळे रंगांप्रमाणे पिशव्यांत भरायला लागले. म्हणाले, फत्तेसिंगला देऊन टाकतो, पसारा फार झालाय. मी पुष्कळ वाद घातला. काही उपयोग झाला नाही. सासूबाई गेल्यावर यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तुम्ही, त्यामुळे जगाने काही म्हटलं तर हे उलट चार ऐकवतात, पण वहिनी म्हणाल्या की संपलं. रविवार बंद झाला. हे पुन्हा भाजीपाशी येऊन उभे राहायला लागले आणि मला यांची कीवही आली आणि रागही.

सगळं भरलं, एक गणपती तेवढा मोडवेना. तो यांनी जीव ओतून बनवलेला, चांगला हातभर उंच. पोट अंतराळयानाच्या टोकाचं, मुकुट किल्ल्याच्या बुरुजांचा, डोळे मोटारीचे दिवे. केशरी रंग कमी पडला म्हणून एक कान पिवळा आहे, पण तिकडे आपण हार जरा जास्त घालतो. सोंड बिजागरीच्या तुकड्यांची, चक्क हलते! शेजारी सुटा उंदीर, त्याची शेपटी म्हणजे पेट्रोलपंपाची नळी. हा गणपती फत्तेसिंगांच्या ढाब्याच्या गल्ल्यावर बसणार असं ठरलं, आणि चतुर्थी झाली की ते खोकी घेऊन सगळंच न्यायला येणार होते.

आता चतुर्थीचं ऐका. यंदा पाळी धाकट्या पातीची, म्हणून नेहमीच्या रीतीप्रमाणे मूर्ती थोरल्या पातीकडून निघाली, कुशल घेऊन निघाला. इथे मखर तयार, आरास तयार. मखर रिकामं वाईट दिसतं म्हणून त्यात तेवढ्यापुरता यांचा गणपती ठेवलेला होता. (कुणी ठेवला ते आता नेमकं आठवत नाही.) हे कुशलची वाट बघत गल्लीच्या तोंडाशी उभे. मी स्वयंपाकघरात, उकडीचे हात. कुशल गावात शिरला होता, पण कोपऱ्यावर पोहे-जलेबी खायला थांबला. (मुलगा भल्या पहाटे निघालेला, त्याला बोल लावू नका.) इतक्यात मागच्या दाराने कृष्णाजी गुरुजी आले. त्यांना त्या दिवशी इतकी घरं की चपला काढायलाही फुरसत नाही. शिवाय गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. आले, पाटावर बसले, आचमन केलं आणि सुरू. मी हात धुऊन बाहेर येते तो काय, गुरुजी तुपात बुडवलेली दूर्वा मोटारीच्या दिव्यांना लावताहेत. प्राणप्रतिष्ठा झालेली!

त्याच क्षणी पुढच्या दारातून हे आणि कुशल, कुशलच्या हातात तुमची मूर्ती, ओठांवर जलेबीचा पाक. कुशल म्हणाला, "अरे काकू, ये तो बैठ गए!" हे इतके पांढरे पडले की मला वाटलं आता यांच्याच नाकाला कांदा लावावा लागणार. यांनी हात जोडून गुरुजींना विचारलं की आता हे परत घेता येईल का. गुरुजी म्हणाले, "अजेयराव, देव आला, आता त्याला काय परत पाठवू? सुपारीचा गणपती आपण पुजतो. हा तर सोंडबिंड असलेला आहे." आणि दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेलेसुद्धा. एका घरात दोन गणपती बसवायचे नाहीत हा तुमचाच नियम, म्हणून तुमची मूर्ती शोकेसच्या वर आदराने ठेवली.

दीड दिवस घरात जत्रा होती, जाऊबाई. सगळी गल्ली येऊन गेली. आपल्याकडे लोक घाईत हळदीकुंकू वाहतात आणि प्रसादाकडे बघतात, पण यंदा माणसं वाकवाकून प्रदक्षिणा घालत होती. (मागची बाजू कशी जोडलीय ते बघायला, पण पुण्य लागायचं ते लागलंच.) फत्तेसिंग खोकी घेऊन आले ते दारातच उभे राहिले. त्यांनी पागोटं सारखं केलं, साष्टांग नमस्कार घातला आणि उठून म्हणाले, "अजेय भिया, अब ये मैं कैसे ले जाऊँ? ये तो भगवान हो गए." आणि हे, जे महिनाभर मान खाली घालून बसत होते, ते प्रत्येकाला सोंड कशी वळते ते समजावून सांगत होते. सांगता सांगता आवाज चढत होता, हात हलत होते. मी मोदकांचं ताट घेऊन उभीच राहिले. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले.

खरी पंचाईत विसर्जनाची. धातूची मूर्ती असती तर नुसती हलवून चाललं असतं असं उत्तरपूजेला आलेले गुरुजी म्हणत होते. पण पाण्यात निरोप दिल्याशिवाय आपल्या घरात उत्तरपूजा पुरी होत नाही, आणि हे वहिनींचा नियम मोडायला तयार होईनात. तलावात प्लास्टिक टाकायचं नाही, म्हणून माझ्या लग्नात तुम्ही दिलेलं तांब्याचं मोठं घंगाळ अंगणात ठेवलं, पाणी भरलं, आरती झाली, आणि यांनी डोळे मिटून देव पाण्यात सोडला. देव बुडेना! ठोकळ्यांच्या पोटात हवा. हे खाली दाबतात, तो भुस्सकन वर येतो. सोंड हलते आहे, दिव्यांचे डोळे चमकताहेत, जणू म्हणतोय, मी कुठे जातो! आधी कुणी हसायला धजेना, मग अंकिताला राहवलं नाही, मग सगळेच, मग गुरुजीसुद्धा पोट धरून.

शेवटी गुरुजींनीच तोड काढली. सगळे घंगाळाभोवती बसलो आणि पाण्यातच एकेकाने एकेक ठोकळा सोडवायचा, प्रत्येक ठोकळ्याला मोरया म्हणायचं. फत्तेसिंगांनी मुकुट काढला आणि चक्क रडले. अंकिताने घट्ट बसलेले "बस, बस, हो गया" म्हणत सोडवले. कुशलने पिवळा कान काढला. दिव्यांचे डोळे यांनी स्वतः काढले. आणि मग, ओल्या हातांनी, तुमचे दीर गुरुजींना म्हणाले, "पुढच्या वर्षी सोंड उजवी केली तर?" गुरुजी ओरडलेच, "डावीच ठेवा, उजव्या सोंडेचं सोवळं मला झेपायचं नाही!" पण मी ऐकायचं ते ऐकलं होतं. पुढच्या वर्षी, असं म्हणाले ना! इतकी वर्षं आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो आणि नवीन मूर्ती आणतो. यंदा प्रथमच ज्याला म्हटलं तोच येणार आहे.

फत्तेसिंग आपली खोकी रिकामीच घेऊन गेले. आत्ता हे गच्चीवर चादर पसरून ठोकळे वाळवताहेत आणि चिमण्यांना हाकलताहेत. रविवार पुन्हा सुरू. पोहे करायला उठते. मोठ्या भावोजींना नमस्कार, तुळशीलाही.

तुमची धाकटी जाऊ,
विद्युल्लता

ता. क. तुमची मूर्ती शोकेसवर आहे, येताजाता आम्ही नमस्कार करतोच. फत्तेसिंगांनी ती हातात घेऊन सगळीकडून पाहिली आणि हळूच विचारलं, "भिया, इसमें जोड़ कहाँ हैं?"

दुसरा ता. क. पुढच्या वर्षी पाळी थोरल्या पातीची. गुरुजींचं म्हणणं, जो देव येतो म्हणून गेला तोच आला पाहिजे. तेव्हा हे आठ दिवस आधी पेटी घेऊन धारला येतील. जेवणाचं टेबल मोकळं ठेवा. देवाला नाही म्हणता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार.

तिसरा ता. क. (हा वाचून पत्र फाडा. कुशलला मराठी वाचायला कंटाळा येतो, त्याची भीती नाही.) गुरुजींची नजर उत्तम आहे, परवा लांबूनच त्यांनी माझ्या मोदकाच्या कळ्या मोजल्या. मखरात गणपती मी ठेवला. यांना गल्लीच्या तोंडाशी मी पाठवलं. कुशलला फोन करून पोहे मी खायला लावले, जलेबीसुद्धा. गुरुजींना मागच्या दाराने मी बोलावलं आणि हाच आमचा गणपती म्हणून सांगितलं. यांना यातलं काही ठाऊक नाही, हे समजतात गजाननाची इच्छा. आणि तसं पाहिलं तर, त्याची इच्छा नसती तर त्याने कुशलला आधी पोचवलं नसतं का?

शेवटचा ता. क. सोबत फोटो आहे. कृपा करून कौतुक करू नका, यांना खरं वाटणार नाही. तुमच्या हातचं खाऊन वाढलेला माणूस आहे, तुम्ही एखाद्या गोष्टीला नाव ठेवलंत की ती तुम्ही नीट पाहिली हे त्यांना कळतं. फक्त एक फोन करा आणि एक चूक काढा. शोधायला त्रास नको, म्हणून फोटो काढताना उंदीर मी मुद्दाम देवाकडे पाठ करून बसवला आहे.