बॉनेटवरचं दही

आमली, सिल्वासा
२६ मे २०२४

ती. कुमुदताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपली मॅटाडोर काल दुपारी सुखरूप पोहोचली. ट्रकवरून उतरवताना मागचा एक दरवाजा गळून पडला, तेवढं सोडलं तर खरंच सुखरूप. वर्षाने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या भावेशभाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की भंगाराचा धंदा सुरू करताय का, तसं असेल तर नरोलीत त्यांच्या ओळखीचा माणूस आहे. मी सांगितलं की हे आमचं घर आहे. ते आधी गाडीकडे, मग माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने वर्षाकडे बघत राहिले.

त्यांना कुठून कळणार? अण्णांनी एका दूधसंस्थेची अपघातात चेपलेली ही गाडी घेतली, शाळेत सुतारकाम शिकवून उरलेल्या वेळात तिच्यात घडीचे पलंग, भिंतीला मिटणारं टेबल आणि स्टोव्हची पेटी बसवली, आणि दर नाताळच्या सुट्टीत आपल्या चौघांचा संसार तिच्यात भरून नेला. पुढे एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला आई. त्यांच्या मध्ये, इंजिनावरचं ते झाकण, म्हणजे आपलं बॉनेट, त्यावर गोधडीची घडी घालून तू बसलेली, मांडीवर नकाशा. मागे भांड्याकुंड्यांत मी. वळण आलं की अण्णा ओरडून विचारायचे की कुमुद, पुढे काय, आणि तू त्यांच्याहून मोठ्याने उत्तर द्यायचीस. त्या इंजिनाच्या धडधडीने आपलं सगळं घरच ओरडून बोलायला शिकलं. शेजाऱ्यांना वाटायचं की यांच्याकडे रोज भांडणं होतात.

तर आता ऐक. थंडीपर्यंत मी गाडी चालू करणार, संक्रांतीनंतर तुला घ्यायला नाशिकला येणार, आणि खानवेलला नदीकाठी जिथे आपला पहिला मुक्काम पडला होता तिथे तुला घेऊन जाणार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर पाठवलेलं तू वाचत नाहीस, म्हणून हे शाईने लिहून देतो आहे. नंतर मी बोललोच नव्हतो असं म्हणायची सोय नाही.

कळावे. लोभ तू ठेव, गंज मी काढतो.

तुझा
राजू


नाशिक
९ जून २०२४

चि. राजेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. गाडी गेल्यापासून अंगण ओकंबोकं झालं आहे. पेरूची जी फांदी खिडकीतून आत शिरली होती ती तुझ्या माणसांनी कापून टाकली. तिच्यावर पोपट यायचे, आता रुसले आहेत. गाडी उभी होती तिथे गवत नसलेला चौकोन उरला आहे आणि सकाळी केर काढताना मी अजून त्याला वळसा घालून जाते.

कानातल्या मशीनबद्दल वर्षाने विचारलं होतं. ते कपाटात आहे. घातलं की आधी शिट्टी वाजते आणि मग माणसांऐवजी पंखाच मोठ्याने बोलायला लागतो. डॉक्टर म्हणाले की आता यापुढे एवढंच. त्यामुळे मी कुणाकडे जातच नाही. चार माणसं हसली की कशाला हसली हे विचारत बसायचा कंटाळा येतो रे. अदितीच्या साखरपुड्याला आले नाही तेही त्याचमुळे. पोरीला सांग, आत्या रुसलेली नाही.

गाडी तू खुशाल दुरुस्त कर. तुला लहानपणापासून उघडलेली वस्तू पुन्हा मिटवता येत नाही, या वेळी जमलं तर मला आनंदच आहे. रंग निळा होता हे ध्यानात ठेव, नाहीतर तू हिरवा देऊन मोकळा होशील. पण खानवेलचं मनातून काढून टाक. मी त्या गाडीत बसणार नाही. का, ते विचारू नकोस.

वर्षाला आशीर्वाद. माझा लोभ आहेच, तुझा पत्रातून कळत राहो.

तुझी
ताई


आमली, सिल्वासा
१५ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाऊस इकडचा तुला माहीत आहे, दमणगंगा दुथडी भरून चालली आहे. गाडीवर ताडपत्री टाकून आम्ही खाली बसून काम करतो. आम्ही म्हणजे मी आणि सुकदेव. हा शिरपूरकडचा, आमच्याच फॅक्टरीत वेल्डिंग करतो, नरोलीला खोली घेऊन राहतो आणि दर रविवारी येतो. पहिल्या दिवशी गाडीखाली शिरला, नखशिखांत तांबडा होऊन बाहेर आला आणि म्हणाला की साहेब, पत्रा सडेल शे, पन चासी पक्की शे. खालचा सगळा पत्रा कापून नवा बसवला. वर्षालाही आता त्याची बोली लागली आहे. परवा तिने मला आत हाक मारली ती चहा तयार शे अशी.

रंगाचा निकाल लागला. पॉलिश पेपरने घासत गेलो तर वर तुझा निळा निघाला, त्याच्या खाली माझा हिरवा, आणि त्याच्याही खाली दूधसंस्थेचा पांढरा आणि त्यावर गाईचं एक शिंग. ते शिंग बघून मी किती वेळ तिथेच बसून राहिलो. अण्णांनी ते कधी पाहिलं असेल, कधी झाकलं असेल. आता कुठला रंग द्यायचा ते तू सांग.

आणि आता माझी खरी करामत. आयुष्यभर मी फॅक्टरीत उष्णता आणि आवाज अडवणारे थर बनवले. त्यातला सगळ्यात उत्तम तुकडा मी बॉनेटला आतून ठोकून बसवला, वरून जाड गादी शिवून घेतली. इंजिन वापीला उघडून ठेवलं आहे, ते परत बसलं की बघ. तुला चटका बसणार नाही, थरथर लागणार नाही, धडधड तर जवळजवळ बंदच. अण्णांना जमलं नाही ते मी केलं, असं म्हणायला हरकत नाही.

तू बसणार नाहीस म्हणतेस, तरी जागा तुझीच करून ठेवली आहे.

कळावे. लोभात कपात नसावी.

तुझा
राजू


नाशिक
६ ऑक्टोबर २०२४

चि. राजेंद्र यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निळाच दे. आणि ते शिंग आतल्या बाजूला कुठेतरी पुन्हा काढून घे, गाय उपाशी राहायला नको.

सोबत पार्सल आहे. आईचं लाल काठाचं जुनं लुगडं ट्रंकेत होतं, त्याचे पडदे शिवले आहेत. पूर्वीचे पडदेही तिने लुगड्याचेच केले होते. खिडक्यांची मापं माझ्या हातांना पाठ होती, तरी एखादा कमीजास्त झाला तर वर्षाकडून टाके घालून घे. यावरून मी येणार असा अर्थ काढू नकोस.

तुझ्या करामतीबद्दल मी काय बोलणार? फारच हुशारी दाखवतो आहेस तर एक गोष्ट करून दाखव. मुक्कामाला गाडी थांबली की आई कोमट दुधाला विरजण लावायची आणि चिनी मातीचा सट बॉनेटवर ठेवून वर कापड गुंडाळायची. बाहेर नाताळची थंडी, पण इंजिनाची ऊब पहाटेपर्यंत पुरायची आणि सकाळी दही असं की सुरीने कापावं. ते प्रत्येकाच्या हातावर घातल्याशिवाय अण्णा किल्ली फिरवत नसत. तर गाडी चालू झाली की थंडीत तसं दही लावून दाखव. लागलं तर मी खानवेलचा विचार करीन. विचार म्हटलं आहे, येईन म्हटलेलं नाही.

दिवाळीला अनारसे पाठवते. लोभ गोड मानून घ्यावा.

तुझी
ताई


आमली, सिल्वासा
२४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चालू झाली! परवा रविवारी. आधी नुसती खोकली, मग काळा धूर काढून भावेशभाईंची धुतलेली चादर पुन्हा धुवायला लावली, आणि मग जी धरली ती धरली. सुकदेव अंगणात नाचला. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असं ती म्हणते. तुझे पडदे तंतोतंत बसले. मी एकटाच खेरडीपर्यंत चक्कर मारून आलो आणि मागे वळून दोनदा बघितलं, मी तिथे भांड्यांत बसलेला आहे का म्हणून.

पण दही लागत नाही. आल्याबरोबर वर्षाने अगदी तू लिहिलंस तसं विरजण लावून सट बॉनेटवर ठेवला, कापड गुंडाळलं. इकडे सध्या चांगलीच थंडी आहे. सकाळी दूध जसंच्या तसं. काल पुन्हा केलं, जास्त लांब जाऊन आलो, विरजणही सढळ घातलं. आज सकाळी पुन्हा दूधच. वर्षा म्हणते, तुझ्या ताईने मुद्दाम न जमणारी अट घातली.

मला हसू आलं नाही, ताई. मी एवढे महिने रविवारचा दिवस त्या गाडीखाली घातला तो तुझ्यासाठी. तू घरातून बाहेर पडत नाहीस, हे मला पाहवत नाही. तू अट जिंकलीस, ठीक आहे. पण का बसायचं नाही ते तरी सांग.

कळावे. लोभ आहे हे धरून चालतो.

राजू


नाशिक
१ जानेवारी २०२५

चि. राजू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार दिवस उशीखाली ठेवलं. गप्प बसले असते तर जिंकलेच होते. पण आईच्या दह्यावर खोटं जिंकणं मला पचेना.

अरे वेड्या, आयुष्यभर उष्णता अडवायची नोकरी केलीस आणि दही का लागत नाही हे तुला कळत नाही? इंजिनाची सगळी ऊब तू आतच कोंडून ठेवली आहेस. वर सटाला मिळते ती तुझी थंडगार गादी. काढून टाक तो थर. अण्णांना जमलं नाही असं नाही, त्यांनी ते केलं नाही.

आता तू विचारलंस ते. मला बाहेरचं काही ऐकू येत नाही, पण आतली गाडी अजून चालू आहे. कपडे वाळत घालताना, पोळ्या लाटताना कधीही सुरू होते. अण्णांचा आवाजही मला त्या धडधडीवरूनच ऐकू येतो, तिच्यावरून ओरडलेला, कुमुद, पुढे काय म्हणून. नुसता आवाज आठवू म्हटलं तर येत नाही. मला भीती वाटते रे. मी खऱ्या गाडीत बसले, तू किल्ली फिरवलीस, आणि काहीच ऐकू आलं नाही, तर ही आतलीही बंद पडेल. मग अण्णांना मी कुठे शोधू? पेरूखाली गाडी गंजत होती तोवर बरं होतं. ती मुकी होती आणि मी बहिरी, आमचं छान चाललं होतं.

म्हणून म्हटलं, विचारू नकोस. आता लिहून मोकळी झाले. राग धरू नकोस, लोभच धर.

तुझी
ताई


आमली, सिल्वासा
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आत जाऊन तोंड धुऊन आलो, मग पाना घेतला. थर काढला, गादी काढली. सुकदेव बिचारा बघत राहिला, ती त्यानेच एवढी घट्ट बसवली होती. आता बॉनेटवर फक्त आईची गोधडी आहे. त्याच संध्याकाळी चक्कर मारून आलो आणि सट ठेवला. सकाळी दही लागलं होतं. वर्षाने सट उलटा धरून दाखवला, थेंब सांडला नाही.

आणखी एक केलं. इंजिन चालू ठेवून, कानांत कापूस कोंबून मी तुझ्या जागी बसलो. काय झालं ते सांगणार नाही. माझे कान चांगले आहेत, माझ्या सांगण्याला अर्थ नाही.

तुला आग्रह करत नाही. संक्रांत झाली की मी आणि वर्षा गाडी घेऊन नाशिकला येतो. पेरूखाली तिच्या चौकोनात उभी करतो, तुझ्या हातचा चहा पितो. तू बसली नाहीस तरी तिळगूळ घेऊन परत जाऊ, एक शब्द बोलणार नाही. बोललो तरी तुला ऐकू थोडंच येणार आहे.

कळावे. लोभ घेऊनच येतो, तिकडचाही तयार ठेव.

तुझा
राजू


नाशिक
४ फेब्रुवारी २०२५

चि. राजू आणि चि. सौ. वर्षा यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही मला परत घरी सोडून गेलात त्याला आठवडा झाला. अंगातली थरथर अजून गेलेली नाही, आणि ती जाऊ नये म्हणून मी जपून वावरते आहे.

राजू, त्या सकाळी वर्षाने रात्रीचं दही माझ्या हातावर घातलं, तेव्हासुद्धा मी नाहीच म्हणणार होते. दही चाटून हात पुसावा म्हणून बॉनेटवरच्या गोधडीला लावला. तू किल्ली फिरवलीस. काही ऐकू आलं नाही. अगदी काहीच नाही. मला वाटलं, झालं, संपलं. मी हात काढून घेणार, तेवढ्यात तळव्यातून ते वर आलं. मनगटात, कोपरात, दातांत. ऊब आणि धडधड. मी तशीच चढून बसले, तुला वाटलं तुझ्या समजावण्याने. तू काय बोलत होतास ते मला ठाऊकसुद्धा नाही.

पण तुम्हाला सांगायचं आहे ते सावळ घाटाचं. चढ लागला, तू गिअर बदललास, आणि माझ्या हाताखाली ती धडधड आधी खोल गेली आणि मग जोर धरून वर आली, अगदी अण्णा बदलायचे तशी. त्यावर अण्णांचा आवाज आला. आतून आला की कुठून, मला विचारू नका. कुमुद, पुढे काय? आणि मी इतक्या जोरात ओरडले की वर्षा दचकली आणि तुझा हात स्टिअरिंगवर हलला. उजवं वळण, मग पूल, असं ओरडले मी. माझाच आवाज मला ऐकू आला नाही, पण तुझा चेहरा दिसला. तू रडत होतास आणि उजवीकडे वळत होतास. पुढे पूल होता.

खानवेलला नदीकाठी तुम्ही दोघं हसत होतात तेव्हा कशाला हसता हे मी विचारलं नाही. मीही हसत होते.

कालपासून अंगणातल्या त्या चौकोनातून मी सरळ चालत जाते. अदितीच्या लग्नाला पुण्याला येणार आहे, पण बसने नाही. अण्णांचा नकाशा काढून ठेवला आहे, घड्यांवर फाटला होता, मागून कापड लावलं. विरजण माझ्याकडचं, ऊब तुझ्याकडची.

लोभ वाढवू नका, आहे तोच मला पेलवत नाही.

तुमची
बॉनेटवरची ताई