हवेची सुरी आणि माझी बोटं

५ जानेवारी
आज परत! उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली — पिठात बुडवल्यासारखी. टॅक्सीची पुढची काच काढत होतो. काँप्रेसर बंद केल्यावरही हात थरथरत राहिला. काँप्रेसरच्या हवेवर चालणारी ही सुरी काचेखालचा गोंद एकट्याला कापू देते. पूर्वी माझा जोडीदार लवू गाडीच्या आत, मी बाहेर — दोघं मिळून तार ओढून कापायचो. गॅरेजचे मालक अजितशेठ मशीनवर खूश. मला धास्ती.

७ जानेवारी
चहाचा कप धरलाय असं वाटलं. फुटल्यावर कळलं.
सुभद्रा म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुमचं?" हसण्यावारी नेलं. हिला काय सांगू?

९ जानेवारी
काच निघाली की चौकटीवरून बोट फिरवायचं. सुरीने रंग खरवडला असेल तर बोटाला कळतं. तिथे प्रायमर मारला नाही तर गंज धरतो, आणि मग नवी काच नीट धरत नाही. शेठचा भरवसा या माझ्या बोटावर.
आज फिरवलं. सगळं गुळगुळीत. डॅशबोर्डवर रक्त दिसलं. कोणाचं म्हणून इकडेतिकडे बघत बसलो — माझंच होतं. बोट चिरलेलं, मला पत्ता नाही. डावा हात फिरवला तर ओरखडा चांगला टोचला.
मग कालपरवाच्या गाड्या? त्यांच्यावरही हेच बोट फिरलंय.

१० जानेवारी
डॉक्टर म्हणाले, "मशीनच्या थरथरीने होतं. आधी ते बंद करा." बंद करून खाऊ काय? शेठला कळलं तर नायगावच्या गॅरेजात दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस. मला काचेशिवाय काही येत नाही.

१२ जानेवारी
लवूला सांगून टाकलं. मशीन आल्यापासून बिचारा गाड्या पुसतो. म्हणाला, "गप रव. मी सांगतंय शेटाक, मशीन बिघडलां म्हणून. आपली तार काढूया."
किती बरं वाटलं! तारेला थरथर नाही. बोटं येतील ताळ्यावर.

१३ जानेवारी
लवू आत, मी बाहेर. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी, जुन्याच. तो "हां" म्हणाला, मी ओढलं. परत ओढलं. लवू काचेआडून नुसता बघत राहिला.
मूठ माझ्या हातातून केव्हाच निसटून बॉनेटवर पडली होती. मी रिकामा हात ओढत होतो.